बुधवारी मिलिंद आला होता

या पानावर मी बरंच काही लिहीत आलोय. वाचलेली पुस्तकं, चोर बाजारातून उचलून आणलेल्या जुन्या रेकॉर्ड, आणि पटावरचे ते लांबलचक डावपेचांचे खेळ, ज्यांच्यापायी माझे कितीतरी रविवार गेले. नेमाने वाचणाऱ्यांना आमचा ‘कोकणपट्टी’ नावाचा खेळ आठवत असेल. आम्हीच घरी बनवलेला. त्याचे नियम कसे ठरले, डाव कसे रंगायचे, हे सगळं मी इथे चवीने लिहिलंय. तो बंद का पडला हे मात्र कधी लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर सांगतो — सगळे आपापल्या कामाला लागले, वेळ जमेना.

ते खोटं आहे.

खरं काय ते मी आजवर एकाही माणसापुढे बोललेलो नाही. आईपुढेही नाही. एकाला ते ठाऊक आहे, पण त्याला मी सांगितलेलं नाही. त्याला ते तिथल्या तिथे कळलं, माझ्या तोंडाकडे बघून.

त्याच्यापासूनच सुरू करतो. मिलिंद. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, लोअर परळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. आमची ओळख वाचनालयात झाली. कोकणातल्या जलदुर्गांवरचं एक जुनं पुस्तक मी घरी आणलं होतं. त्यातल्या नकाशात एक खाडी चुकीच्या जागी छापली होती, आणि कुणीतरी ती पेन्सिलीने, अगदी नाजूक रेषेने दुरुस्त केली होती. मी ग्रंथपालांना विचारलं, हे आधी कुणी नेलं होतं? ते हसले आणि खिडकीशी बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. मिलिंद उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मी तक्रार करायला आलोय.

त्यानंतर तो दर बुधवारी ऑफिस सुटल्यावर लालबागला आमच्या खोलीवर येऊ लागला. रेकॉर्ड ऐकायला. त्याला सारंगी फार आवडायची. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, असा त्याचा नियम, आणि तो माझ्या आईलाही मान्य होता. ती आत आवाज न करता घावने काढायची. आम्ही पुस्तकांची अदलाबदल करायचो. माझी पुस्तकं परत यायची तेव्हा त्यांना खाकी कव्हर चढलेलं असायचं. मी कधी त्याच्या पुस्तकांना कव्हर घातलं नाही.

‘कोकणपट्टी’ त्यातूनच निघाला. चौलपासून गोव्यापर्यंतचा किनारा, चार सत्ता, चार खेळाडू. नकाशा मिलिंदने काढला — शाईने, रात्रंदिवस बसून. नियम बहुतेक माझे. उरलेले दोघे म्हणजे शिरीष आणि अजित. शिरीष दादरचा, कॉलेजात शिकवणारा. अजित गिरगावातला, माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही तिघं कोकणातल्या मराठ्यांच्या घरातले. मिलिंद बौद्ध. हे त्या वेळी आम्ही कधी मोठ्याने बोललो नाही. बोलायची गरज काय, असं मला वाटायचं. म्हणजे शिरीष अधूनमधून काहीतरी टाकायचा. एकदा सारंगी लावलेली असताना त्याने मिलिंदला विचारलं, “तुमच्यात ऐकतात का रे हे?” मिलिंद म्हणाला, “बाजू संपू दे, मग सांगतो.” बाजू संपल्यावर कुणीच विषय काढला नाही. मी तर नाहीच.

आता खेळ थोडा समजावून सांगायला हवा. रविवारी आम्ही जमायचो, पटाभोवती बसायचो, एकमेकांशी तह करायचो, मोडायचो. तोंडी थापा मारायला पूर्ण मुभा होती — त्यातच तर गंमत! पण खरी चाल प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायची, आणि ती चिठ्ठी आठवडाभरात केव्हाही माझ्याकडच्या स्टीलच्या डब्यात आणून टाकायची. डबा रविवारीच उघडायचा. सगळ्यांच्या चाली एकदम. डब्याला कुलूप नव्हतं. कुलूप लावणं म्हणजे एकमेकांचा अपमान, असं आम्ही ठरवलं होतं.

डबा बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर असायचा. शिरीष आणि अजित जाता-येता लवकर चिठ्ठी टाकून जायचे. मिलिंद शेवटपर्यंत विचार करायचा आणि रविवारी येतानाच घेऊन यायचा.

आणि मी? मी हरत होतो.

हे लिहायला सोपं वाटतं, पण तेव्हा ते मला झोंबत होतं. डावपेचांवर लेख लिहिणारा मी. नियम माझे, घर माझं, आणि डावामागून डाव माझी गलबतं बुडतायत. अजित हसायचा — “लेख लिही रे तू, खेळू नकोस.” तेव्हा एका संध्याकाळी, सहज म्हणून —

नाही. ‘सहज’ खोडतो. मी डबा उघडला. चिठ्ठ्या वाचल्या. घडी होती तशी घालून ठेवल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही.

फार उघड जिंकायचं नाही एवढी अक्कल होती. त्या डावात मिलिंद आणि मी एका बाजूला होतो. मग मी जे वाचायचो ते थोडंथोडं त्याच्याकडून वापरून घ्यायला लागलो. एका शनिवारी मी त्याला फोन केला. म्हटलं, “अजित रत्नागिरीवर येणार म्हणून ओरडतोय ना, मला नाही वाटत. विजयदुर्गच्या खाडीत शिरेल तो. तुझी सगळी गलबतं तिकडे लाव.”

“सगळी?” मिलिंद म्हणाला. “रिकामी खाडी आहे ती. तुला कसं कळतं रे?”

“विश्वास ठेव.”

त्याने ठेवला.

रविवारी चिठ्ठ्या उघडल्या. अजितचं अख्खं आरमार विजयदुर्गच्या खाडीत शिरलं, आणि तिथे मिलिंद वाट बघत बसलेला. एका चालीत अजित संपला. मला आतून इतका आनंद झाला होता! आणि मग अजित म्हणाला, “हे कळलं कसं तुला? मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.”

मिलिंद हसला. “अंदाज.” खेळात आपल्या मित्राचा सल्ला चारचौघांत फोडायचा नसतो. तो माझं गुपित राखत होता. कसलं गुपित ते त्याला माहीत नव्हतं.

शिरीष हसला नाही. “अंदाजावर कुणी सगळी गलबतं लावतं का?” म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “डबा कुणी उघडला होता का रे?”

प्रश्न मला होता. घर माझं, डबा माझ्याकडे. नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. मस्करीत घालवलं असतं तरी चाललं असतं. हो, मीच — असं म्हणालो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या बसल्या असत्या, आठवडाभर चेष्टा झाली असती. त्यापलीकडे काही नाही.

मी म्हणालो, “बुधवारी मिलिंद आला होता. मी मध्ये दूध आणायला खाली गेलो होतो.”

यातला शब्दन् शब्द खरा आहे. तो आला होता. मी गेलो होतो. कुणी मला खोटारडा म्हणू शकणार नाही, असं ते वाक्य आहे.

शिरीष म्हणाला, “तरीच.”

एवढंच. एक शब्द. अजितने मान हलवली. त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही — आणि इथेच थांबून मला ते सांगायचंय, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. बुधवारी त्या खोलीत अजित एकटा बसला असता, तर माझं ते वाक्य चाललं नसतं. शिरीष असता तरी चाललं नसतं. लोकांनी विचारलं असतं — मग? दूध आणायला गेलास, मग काय? मिलिंदच्या बाबतीत कुणी विचारणार नाही, हे मला माहीत होतं. बोलायच्या आधी माहीत होतं. माझ्या मनात असलं काही नाही असं मी स्वतःला समजायचो. पण वेळ आली तेव्हा नेमकं तेच हाताशी होतं, आणि मी ते वापरलं.

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तो थांबला होता. ‘शनिवारी तुझाच तर फोन आला होता’ एवढं म्हटलं असतं तरी मी संपलो असतो. तो ते बोलला नाही. मला वाटतं, ते माझ्या तोंडून यावं म्हणून त्याने मला वेळ दिला. रेकॉर्डची बाजू संपायची वाट बघायचा तसा. मी खाली मान घालून नकाशा बघत राहिलो.

मग तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला म्हणाला, “मावशी, येतो.”

“अरे, आता घावने काढतंय, खाऊन जा,” आई म्हणाली.

“आज नको.”

त्याच्या पावलांचा जिन्यावरचा आवाज थांबला तेव्हा शिरीष म्हणाला, “आपलंच चुकतं. कुणालाही घरात घेतो आपण.” माझं घर होतं ते. मी ऐकून घेतलं. त्यानंतर आम्ही मिलिंदची गलबतं पटावरून काढली आणि डाव पुढे चालू ठेवला. तो डाव मी जिंकलो.

मिलिंदशिवाय खेळ पुढे फार दिवस टिकला नाही. माझ्याकडची मिलिंदची पुस्तकं तशीच राहिली. त्याच्याकडची माझी मात्र महिन्याभरात परत आली, त्याच्या ऑफिसातल्या शिपायाच्या हाताने. सगळ्यांना कव्हर घातलेलं होतं. आई मध्येच विचारायची, “मिलिंद कित्याक येणा नाय रे?” मी म्हणायचो, कामात असतो. मग तिने विचारायचं सोडलं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

इथवर कुणी म्हणेल, खेळच होता. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण गोष्ट तिथे राहिली नाही. शिरीष आणि अजित ती सांगू लागले. दुसऱ्या एखाद्या खेळाला नवा कुणी आला की — “आमच्यात एक होता...” दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. डब्यावरून ती कपाटावर गेली, चिठ्ठ्यांवरून पुस्तकांवर. मी समोर बसलेला असायचो.

दोन वर्षांपूर्वी परळला पटावरच्या खेळांचा एक कॅफे निघाला. तो चालवणाऱ्या बाईंना मुंबईच्या बेटांवरचा एक खेळ छापायचा होता. मी त्यांना आमचा जुना नकाशा दाखवायला नेला होता — मिरवायला, दुसरं काय. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, “हे कुणी काढलंय? मला हाच माणूस हवाय. नंबर आहे का तुमच्याकडे?”

मी मोबाइल काढला होता. नाव शोधतही होतो. माझ्याबरोबर आलेला शिरीष शेजारून म्हणाला, “काम चांगलं आहे त्याचं. पण माणूस... जरा जपून हां. आम्हाला अनुभव आहे.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणतो, याची वाट बघत. मी चहात साखर टाकली, ढवळली. त्या “ओके” म्हणाल्या आणि विषय बदलला. तो खेळ पुढे छापून आला. त्याचा नकाशा दुसऱ्या कुणीतरी काढलाय. बरा आहे.

पहिल्यांदा मी घाबरून बोललो असं एखादा म्हणेल. पण त्या दिवशी? त्या दिवशी माझ्यावर कुणी संशयसुद्धा घेतला नव्हता. मोबाइलवर त्याचं नाव समोर होतं. नंबर वाचून दाखवायचा, बस.

मागच्या हिवाळ्यात दादरला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. संगीताच्या पुस्तकांपाशी मिलिंद उभा होता. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. बरोबर त्याची बायको. मला टाळून निघून जाता आलं असतं त्याला. त्याने तसं केलं नाही. पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाला, “कसे आहात तुम्ही? मावशी बऱ्या आहेत ना?”

तुम्ही. इतक्या बुधवारांनंतर.

मी म्हटलं, आई बरी आहे, गुडघे दुखतात. त्याने बायकोला माझं नाव सांगितलं. फक्त नाव — मित्र नाही, ओळखीचा नाही, काही नाही. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यासाठी आणलेलं हसू होतं. नाव ऐकल्यावर ते गेलं नाही, पण तिथेच थांबलं. तेव्हा मला कळलं की हे त्यांच्या घरात बोललं गेलंय. मी ज्याच्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही, ते तिकडे कुणीतरी कुणाला तरी सांगितलंय, समजावलंय, कदाचित रडलंही असेल.

“संगीतावरचं चांगलं आलंय यंदा,” मिलिंद म्हणाला.

“हो,” मी म्हणालो. “बघतो.”

तेवढ्यात मागून कुणीतरी पुढे सरकलं, आम्हाला बाजूला व्हावं लागलं. त्याने मान लववली. ती दोघं बिलाच्या रांगेकडे गेली. रांग मोठी होती. ती दोघं बराच वेळ तिथे उभी होती, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. त्याला हाक मारायला, तिच्यासमोर ‘डबा मीच उघडला होता’ हे एक वाक्य बोलायला भरपूर वेळ होता. मी एक पुस्तक उघडून चाळत राहिलो आणि पानांच्या वरून रांग पुढे सरकताना बघत होतो. त्यांचं बिल झालं, पिशवी मिळाली, आणि ती दोघं दारातून बाहेर गेली.