पौर्णिमेचा खडक

पौषातल्या पौर्णिमेला, गुरुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझा थोरला भाऊ समुद्रात उतरला. दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर आला. त्याला काही दिसले नाही.

ठिकाण सिंधुदुर्गातले एक लहान गाव. किनाऱ्यापासून सुमारे साठ मीटरवर पाण्याखाली पोवळ्यांचा एक खडक आहे. आखणी मी केली होती.

भाऊ हदगाव तालुक्यात आमच्या गावी राहतो. शेती करतो आणि विहिरीत बुड्या मारतो. मोटारीच्या पाइपाखालची झडप गाळात अडकली, बादली पडली, दोर तुटला, की पंचक्रोशीतले लोक त्याला बोलावतात. विहिरीची खोली आमच्याकडे पुरुषात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. भाऊ चार पुरुष पाण्यात जाऊन झडप सोडवून येतो. हे काम तो एकतीस वर्षे करत होता आणि सगळे हाताने चाचपून. गाळ हलला की खाली काही दिसत नाही.

दिवाळीनंतर नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेलेला होता. उजव्याची कडेची नजर गेली होती, मधली शिल्लक होती. डोळ्यातला दाब थेंबांनी उतरत नव्हता. ऑपरेशनसाठी पौर्णिमेनंतरचा मंगळवार मिळाला. ऑपरेशननंतर डोके पाण्याखाली न्यायचे नाही, कधीच नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आधी नेले तर चालेल का, हे आम्ही विचारले नाही.

दवाखान्यातून निघाल्यावर ऑटोत बसताना भाऊ म्हणाला, "इतकी वर्सं पाण्याखाली गेलो. तळ कसा असतो ते पाह्यलं न्हाई. एकदा पाहायचा."

मी लातूरला एका दैनिकात उपसंपादक आहे. बातमीतले प्रत्येक नाव, वय आणि वेळ दोन ठिकाणी तपासायची, असे काम. आखणीही तशीच केली. विहिरीचा तळ गाळाने दिसत नाही, म्हणून समुद्रातला हा खडक निवडला आणि त्याचे अंतर तिकडच्या दोघांना विचारले. खोली कमीत कमी दोन पुरुष, जास्तीत जास्त तीन. लातूरच्या खेळाच्या दुकानातून काचेचा मास्क घेतला. भावाने तो घालून गावच्या विहिरीत बुडी मारून पाहिली.

"कसं दिसलं?" मी फोनवर विचारले.

"चहाच्या कपात शिरल्यावानी."

पोहत जाण्यासाठी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, तिला वीस मीटर दोर, दोराचे दुसरे टोक त्याच्या कमरेला. मी ट्यूबवर. एक ओढ म्हणजे दोर सोड, दोन म्हणजे वर घे. ही विहिरीतलीच खूण. सकाळी नऊनंतर उतरायचे, म्हणजे ऊन खाली पोचेल. हे सगळे मी एका कागदावर लिहून काढले आणि भावाला वाचून दाखवले.

दिवस वहिनीने ठरवला. आमच्या घरात नव्या पाण्यात पहिल्यांदा उतरायचे तर पौर्णिमा पाहतात. नवी विहीर असली तरी भाऊ पौर्णिमेपर्यंत थांबतो. वहिनी दर पौर्णिमेला माहूरला जाते.

"पुनवेला जावा. ह्या बारीला मी माहूरला जाऊन नारळ फोडते, तुम्ही तिकडं उतरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आन् भाऊजी, तुम्ही नुसते दोर धरून बसा. कागदात बघत बसाल आन् ह्यांना इसराल."

पौर्णिमा मंगळवारच्या ऑपरेशनआधी पाच दिवस येत होती. सोयीची होती. मी कागदावर लिहिली. ही एकच गोष्ट मी कोणाला विचारून तपासली नाही.

गुरुवारी सकाळी किनाऱ्यावर एक म्हातारा मच्छीमार जाळे सोडवत बसला होता. ट्यूब पाहून त्याने विचारले, "खंय चाल्लास?"

मी खडकाचे सांगितले.

"आज? पुनवेक?" तो हसला. "तुमका कोणी सांगल्यान? उधाण आसा. तळाची सगळी रेव वर इली."

मग त्याने सावकाश समजावले. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती-ओहोटी सर्वांत मोठी असते. पाणी जोराने आत येते, जोराने बाहेर जाते, गढूळ राहते. अष्टमीला हेच पाणी सर्वांत कमी हलते. त्याला ते भांग म्हणतात. त्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते, सूर्य डोक्यावर असतो आणि होडीतूनसुद्धा खडक दिसतो. हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

"आठमेक येवा," तो म्हणाला.

अष्टमी पुढच्या शुक्रवारी होती.

भाऊ शर्ट काढत होता. "आलोच हाव तर उतरून पाहतो. विहिरीला ओढ नसती, हितं हाय, एवढंच."

त्याने पाच बुड्या मारल्या. पाणी किनाऱ्याकडे ढकलत होते. ट्यूब दोनदा खडकावरून सरकली. पाचव्या बुडीनंतर त्याने ट्यूबला हात घातला आणि मास्क कपाळावर घेतला.

"दिसलं?"

"न्हाई. हाताला लागला. खरबरीत हाय."

"किती पुरुष?"

"अडीच."

किनाऱ्यावर आल्यावर तो वाळूत बसला. अंग पुसले नाही. मच्छीमाराने त्याला बिडी देऊ केली. त्याने घेतली, पेटवली नाही.

"ह्यांच्या आठमीपर्यंत थांबू," तो मला म्हणाला. "आपरेशन आठ दिस पुढं ढकल. फोन लाव."

मी साडेदहाला दवाखान्यात फोन लावला. आधी तिथल्या बाई बोलल्या, मग डॉक्टर स्वतः आले. मंगळवार सोडला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी, असे ते म्हणाले. या डोळ्याला तेवढा वेळ देता येणार नाही. मी त्यांना कारण सांगितले नाही. नातेवाइकाकडे कार्यक्रम आहे, असे सांगितले.

"काय म्हणाले?"

"मंगळवारीच."

"तीन हप्ते थांबलं तर?"

"नजर जाईल म्हणाले."

भावाने बिडी कानामागे लावली. "मंग चल."

ट्यूबची हवा सोडायला चौदा मिनिटे लागली. मच्छीमाराने तिच्यावर गुडघा ठेवून मदत केली. दुपारी एकच्या एसटीने आम्ही कोल्हापूरकडे निघालो. वाटेत भाऊ झोपला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी घेतला. "झालं का नीट?" तिने विचारले. मी "हो" म्हणालो.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी अकराला सुरू झाले. पन्नास मिनिटे चालले. दाब उतरला. उरलेली नजर टिकली आहे, असे डॉक्टरांनी बुधवारी पट्टी काढून सांगितले. भावाने त्यांची तीन बोटे मोजली, मग भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगितली. बरोबर होती.

दुपारी घरी सोडताना कार्ड मिळाले. त्यावर सहा सूचना छापलेल्या होत्या. चौथीखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ ओढली होती. पोहणे, बुडी मारणे, डोके पाण्याखाली नेणे : कायमचे बंद.

भावाने ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचून दाखवली.