खुशालरावच्या भिंतीवरची काच

आमच्या यायचं नाव देवमन. राजापेठेत कोणालेही विचारा, फाटलेल्या भिंतीचा डॉक्टर कोण, तो आमचंच घर दाखवते. हे भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवतेत. काच तडकली तर समजाचं, पाया अजून हलून राहिला. भूतबित काही मानत नव्हते. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की फाटते, बाकी सारे मनाचे खेळ, असं म्हणत.

हिवरखेडले खुशालरावच्या घरी मीबी होती, सिमेंट-रेतीचा माल कालवाले. मधल्या खोलीतली काच रोज सकाळी तडके. भर उन्हाळा, बाहेर जमीन भेगाळलेली, अन् या भिंतीखालची माती ओली चिंब. पाणी येऊन कुठून राहिलं, म्हणून यायचं डोकं फिरलं.

पाचव्या दिवशी मीच पाहिलं. खुशालरावच्या मायनं, मनकर्णाबाईनं, कोपऱ्यातली फरशी सरकवली. खाली लोखंडी पाइप. त्यात तिनं घागर ओतली, सावकाश, लेकराले पाजावं तशी.

खाली बुजवलेली विहीर होती. विहीर बुजवताना तिले श्वास घ्याले पाइप सोडतेत आमच्याकडे. पण त्यावर घर बांधाचं म्हणजे अक्कल गहाणच ठेवली म्हणा.

"माही लेक वेणू हिच्यात गेली," म्हातारी म्हणाली. "सात वर्षांची. पाणी मागून राहिली होती. माह्ये हात पिठात. म्हटलं, जाय, आपल्या हातानं काढून पी."

माह्या हातातली थापी तशीच राहिली.

यायनं हळूच सांगितलं, "मायबाई, पाणी थांबलं नाही तर ही भिंत नातवायच्या अंगावर येईन."

तिनं रिकामी घागर पालथी घातली. मंग म्हणाली, "नाही ओतणार. पण तिले पाणी तू देत जाय."

"देतो," हे म्हणाले. म्हातारीची समजूत घालाले म्हणाले असतीन.

पाइपात काँक्रीट भरण्याआधी यायनं त्याले कान लावला. उठले तेव्हा तोंड पांढरं फटक. काय ऐकलं, आजवर सांगितलं नाही. तिथली काच मात्र पुन्हा तडकली नाही.

आता हे रोज सकाळी आमच्या उंबरठ्यावर पाण्याचा गिलास भरून ठेवतेत. चहा होईस्तोवर तो रिकामा असते. आमच्या घरी ना मांजर, ना लेकरू. मले भेव वाटते, पण मी मुकाट्यानं विसळून ठेवते.

मागच्या आठवड्यात उंबरठ्याजवळच्या भिंतीले केसाएवढी भेग पडली. यायनं पाहिली. तिच्यावर काच लावली नाही.