पाठीला पाठ

टापटीप हा माझा जुनाट आजार आहे आणि त्यावर गोळी निघालेली नाही.

आईला बीपी, बाबांना शुगर. दर महिन्याला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन धामणकर नाक्यावर सलीमभाईंच्या मेडिकलमधून दोघांच्या गोळ्या आणायचं काम माझं. चिठ्ठ्यांच्या घड्या फाटलेल्या, वर चहाचे डाग, कोपऱ्याला हळद! मी कापडाच्या पॉवरलूम कारखान्याच्या ऑफिसात कारकून, मळका कागद मला बघवत नाही. (ऑफिसात पंख्याखाली ‘पंखा बंद करा’ ही सूचनासुद्धा मी लॅमिनेट करून लावली आहे.) एके दिवशी मी दोन्ही चिठ्ठ्या पाठीला पाठ लावून एकाच प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून टाकल्या. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं इतकी मुकाट्याने एकत्र कधी राहिली नव्हती!

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आईची शेवटची गोळी संपली आणि रविवारी आम्हाला वज्रेश्वरीला निघायचं होतं. मी ऐटीत चिठ्ठी काउंटरवर ठेवली. सलीमभाईंनी ती उलटी केली, सुलटी केली.

"भाई, अम्मा की गोली तो डॉक्टरसाब ने बदली थी ना? पीछे लिखा था. पीछे किधर है?"

"मागे बाबा आहेत."

"अरे, बाबा के पीछे!"

"बाबांच्या मागे आई."

सलीमभाईंनी चष्मा काढून कपाळ चोळलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचे डॉक्टर काटकसरी. गोळी बदलली, की जुन्याच चिठ्ठीच्या मागे लिहून देतात. ते सगळं मी आत सीलबंद केलं होतं!

"अंदाजे से नहीं दूँगा. खाली स्ट्रिप लाओ."

मी घरी फोन लावून रिकामी स्ट्रिप शोधायला सांगितली. आई म्हणाली, "तूच टाकलीस की सकाळी! घंटागाडी गेलीसुद्धा."

मागून बाबांचा आवाज आला, "रिकामं काय ठेवत न्हाय हा घरात. डोकं तेवढं ठेवलंय!"

दवाखाना एकला बंद होतो आणि पावणेएक वाजला होता. दवाखान्यासाठी केलेली रिक्षा सुताची बिमं, म्हणजे भले मोठे रूळ भरलेल्या टेम्पोमागे अडकली. शेवटी उतरून पळत सुटलो. आई गोळीवाचून राहिली तर, या विचाराने वाटेत कुठे थांबलो नाही. पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरलो.

डॉक्टरांनी चिठ्ठी ट्यूबलाइटसमोर धरली. "यात तर आईला शुगर झालेली दिसतेय!" असं म्हणत त्यांनी कात्रीने कडा कापल्या, प्लास्टिक उघडलं आणि मागचं अक्षर न् अक्षर शाबूत निघालं. माझा जीव भांड्यात पडला.

"बस इथे. दम खा आधी," डॉक्टर म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांनी माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला आणि वर गेलेला आकडा लिहून घेतला. "आता आठवडाभर रोज येऊन मोजून जायचं."

आईला गोळी मिळाली, वज्रेश्वरीही झाली. आठवड्याने मात्र मलाही चिठ्ठी मिळाली. तिच्यावर औषधाच्याही वर, ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘लॅमिनेट करू नये.’ ती चिठ्ठी आई हळदीच्या डब्याखाली ठेवते. रोज सकाळी ती गोळ्यांची स्ट्रिप माझ्या हातात देते आणि शेवटची गोळी संपली, की मी सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे वळायच्या आत रिकामी स्ट्रिप माझ्या हातातून हिसकावून घेते!