आमच्या याह्यांचा अपूर्ण गणवेश

शर्टाची वरची गुंडी न लावणाऱ्या माणसाच्या हातून आयुष्यात कधीच काही धड होणार नाही, असं अगदी मनापासून मानणारा माणूस कोणाला बघायचा असेल, तर त्यानं जळगाव स्टेशनवर उतरावं, पिंप्राळ्याच्या रिक्षात बसावं आणि ‘स्काउटमास्तरांचं घर’ एवढंच सांगावं. रिक्षावाला आधी आपली कॉलर सारखी करेल आणि मगच रिक्षा सुरू करेल. हे मास्तर माझे व्याही. आमच्या खान्देशात व्याह्याला ‘याही’ म्हणतात, त्यामुळे मी त्यांना याही म्हणतो आणि तेही मला याहीच म्हणतात. मूळचे शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले; पण जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवता शिकवता तिथलेच झाले. चित्रकला हा त्यांचा पोटापाण्याचा विषय. जीव मात्र शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या स्काउट पथकात. एरवी बोलणं शाळेतलं, नीट व्याकरणाचं. पण अडचणीत सापडले की तोंडातून अहिराणी बाहेर पडते. त्यामुळे प्रकरण किती गंभीर आहे हे त्यांच्या भाषेवरून कळतं.

माझ्या मुलीला बघायला ही मंडळी धुळ्याला आली, तेव्हा याही दारातच थांबले आणि आमच्या घरच्या चपलांची उंचीप्रमाणे रांग लावून मग आत आले. पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाकाचं, शिवणाचं कोणी काहीतरी विचारणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून हातभर सुतळी काढली आणि मुलीला म्हणाले, “एक गाठ मारून दाखव, बेटा. कुठलीही.” पोरीनं घाबरत घाबरत एक मारली. त्यांनी ती चष्मा वर करून बघितली, दोन्ही टोकांनी ओढली. गाठ सुटली. ते म्हणाले, “सुटली, पण सुटल्यावर पोरगी हसली. शिकवता येईल.” सोयरीक जमली ती तिथंच.

लग्नात त्यांना गणवेश घालूनच उभं राहायचं होतं. विहीणबाईंनी ‘लोक तुम्हाला बँडवाला समजतील’ असं सांगून तो बेत मोडला. पण व्याह्यांच्या भेटीच्या वेळी त्यांनी साऱ्या वऱ्हाडादेखत माझ्यापुढे डावा हात केला. स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात हे मला कुठून माहीत असणार? माझी साक्रीची बहीण पुढे झाली. “अहो भाऊ, शुभकार्यात डावा हात काय पुढे करता?” याही म्हणाले, “अक्का, काळीज डावीकडे असतं.” अक्का म्हणाली, “असेल हो. पण नारळ उजव्या हातानंच देतात.” शेवटी त्यांनी उजव्या हातानं नारळ दिला आणि डाव्या हातानं माझा डावा हात इतका घट्ट धरला की फोटोत आम्ही दोघं कुस्तीला उभे राहिल्यासारखे दिसतो.

माझं धुळ्यात कापडाचं दुकान आहे. गणवेशाचं कापड आम्ही वर्षानुवर्षं विकत आलो. पण निळ्या रंगात इतके निळे असतात हे मला याह्यांनी शिकवलं. दर जूनमध्ये ते जुन्या पँटचा एक तुकडा पाकिटात घालून आणायचे, ठाणाच्या बाजूला धरायचे, मग दोन्ही घेऊन उन्हात जायचे. “याही, हा किंचित जांभळ्याकडे झुकतोय.” मी म्हणायचो, “एका धुण्यात सारखे होतील.” ते म्हणायचे, “म्हणजे पहिल्या धुण्यापर्यंत पोरगं इतरांपेक्षा वेगळं दिसणार. श्रीमंताचं पोर कोणतं नि गरिबाचं कोणतं हे ओळखू येऊ नये, म्हणून तर गणवेश असतो.” मी निमूट दुसरं ठाण उघडायचो.

रोज एक चांगलं काम करायचं, हा त्यांचा नेम. सकाळी रुमालाला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. सगळ्यात जास्त हाल व्हायचे ते सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळचे सहा वाजले तरी गाठ तशीच असली की याही कॉलनीत अस्वस्थपणे फेऱ्या मारायला लागायचे. शेजारच्या काकू मग मुद्दाम गॅसची टाकी अंगणात आणून ठेवायच्या आणि “भाऊ, जरा आत लावून द्याल का?” म्हणायच्या. एका उन्हाळ्यात ती रिकामी टाकी चार वेळा आत गेली, असं माझी मुलगी सांगते.

आणि देव. याह्यांच्या दिवसाची सुरुवात देवापासून, शेवटही तिथंच. श्रावणात घरी आमच्या खान्देशातली कानबाई देवी बसायची, तेव्हा आरतीला जमलेल्या पाहुण्यांना ते शिट्टी वाजवून ओळीत उभं करायचे. पण पथकाच्या प्रार्थनेत त्यांनी स्वतःचा देव कधी पुढे केला नाही. तिथं सगळ्या धर्मांच्या प्रार्थना व्हायच्या आणि त्या प्रत्येकीला त्यांचे डोळे सारखेच मिटलेले असायचे. “कोणाला का मानेना,” ते म्हणायचे, “पण पोरानं वर कोणीतरी आहे असं मानावं. म्हणजे खाली वागताना बरं पडतं.”

ही गोष्ट घडली ती सात-आठ वर्षांपूर्वी. मी मुलीकडे गेलो होतो आणि शनिवारी नव्या मुलांचा दीक्षाविधी होता. याह्यांनी मला बळेच पाहुणा करून खुर्चीवर बसवलं. एकेक मुलगा पुढे यायचा, तीन बोटं वर करून वचन म्हणायचा, मग याही त्याच्या गळ्यात स्कार्फ घालायचे. सहावा मुलगा हर्षल. आठवीतला, काटकुळा. वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. ते आदल्या वर्षी आजारपणात गेले. आई डाळमिलमध्ये कामाला. पण गणवेश असा की याह्यांनी मला आधीच कानात सांगून ठेवलं होतं, “याही, या पोराची घडी बघा. घरी इस्त्री नाही, गादीखाली घालतो.”

हर्षलनं बोटं वर केली. वचनाची सुरुवात खणखणीत केली आणि ‘ईश्वर व देश यांविषयीचं माझं कर्तव्य’ या ओळीतल्या ‘ईश्वर’ शब्दापाशी थांबला. याह्यांना वाटलं विसरला. त्यांनी हळूच आठवण दिली, “ईश्वर...”

“आठवतंय सर,” हर्षल म्हणाला. “पण मला ते म्हणता येणार नाही.”

मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला.

“का रे?”

“पप्पा आजारी होते तेव्हा मी देवाला खूप म्हटलं होतं, सर. उपास केले. अनवाणी राहिलो. मला राग नाही आला. पण तिथं कोणी आहे असं मला वाटतच नाही आता. आणि स्काउटचा पहिला नियम तुम्हीच शिकवला. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता आला पाहिजे. मग खोटं वचन कसं देऊ?”

याह्यांच्या हातात घडी घातलेला स्कार्फ तसाच राहिला. त्यांनी तो सावकाश टेबलावर ठेवला, “बरं. आपल्या जागेवर जा,” म्हणाले आणि सातव्या मुलाचं नाव पुकारलं.

पुढच्या आठवड्यात ज्याला त्याला सल्ला सुचला. हेडमास्तर म्हणाले, “अहो, नुसते ओठ हलवू द्या, कोण ऐकतंय?” याही म्हणाले, “मग स्कार्फ कशाला देऊ? तो बाजारात मिळतो.” दुसरे एक शिक्षक म्हणाले, पोराला काढून टाका, उद्या बाकीचेही असंच म्हणतील. याही त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. स्काउटच्या पुस्तकात ईश्वराऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा आहे, ती त्यांना अर्थातच पाठ होती. ती त्यांनी हर्षलला मोठ्या आशेनं सांगितली. त्यानं विचारलं, “धर्म म्हणजे काय, सर?” हे म्हणाले, “कर्तव्य.” पोरगं म्हणालं, “म्हणजे कर्तव्याविषयीचं कर्तव्य?” आणि मग, “आईला वाटेल मी देवाचंच म्हणालो. तिला फसवल्यासारखं होईल.” याह्यांनी पुस्तक मिटलं.

एका सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर याही. न कळवता, पहिल्या एसटीनं आलेले. आणि शर्टाला इस्त्री नाही! मी पाणी दिलं. ते घोटभर प्याले आणि म्हणाले, “याही, पोऱ्या खरं बोलस. आते मी काय करू?”

मी कापडवाला माणूस. मी म्हटलं, “थोडी सूट द्या. एका पोराला एक शब्द सोडून म्हणू द्या.”

“तो शब्द सोडायचा हे ठरवणारा मी कोण? इतकी वर्षं सगळ्यांकडून पुरतं म्हणून घेतलं. एकाला सोडला तर बाकीच्यांनी काय उगाच म्हटला?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “आणि त्याला बाहेर काढला, तर खरं बोलला म्हणून काढला, असं होतं. पथकातून आजवर खोटं बोलला म्हणूनसुद्धा कोणाला काढलं नाही मी.”

दुपारपर्यंत ते दुकानात बसून राहिले. जेवायला घरी या म्हटलं, तर आले नाहीत. गिऱ्हाईक आलं की ठाणं उचलायला मदत करायचे आणि परत बसायचे. दोनच्या गाडीनं गेले.

पुढच्या शनिवारी काय झालं ते मुलीनं फोनवर सांगितलं. याही मैदानावर आले. गणवेश कडक, बूट लखलखीत, टोपी जागेवर. पण गळा मोकळा. स्कार्फ नाही. मुलं बघतच राहिली. त्यांनी हर्षलला ओळीत त्याच्या जागी उभं केलं आणि सांगितलं, “हा पथकात राहील. सगळं करेल. वचन दिलेलं नाही, म्हणून स्कार्फ घालणार नाही. नियम आहे, तो मोडणार नाही. पण माझ्या पथकातला एक मुलगा खरं बोलल्यामुळे स्कार्फाविना उभा राहणार असेल, तर त्याच्यासोबत मीही तसाच उभा राहीन.” दोन-तीन मुलं लगेच आपले स्कार्फ सोडायला लागली, तेव्हा मात्र ओरडले, “खबरदार! तुम्ही वचन दिलंय. तुम्ही घालायचा.”

त्या वर्षीचा स्काउट मेळावा धुळ्यात होता, म्हणून मीही गेलो. गणवेश तपासणीत याह्यांचं पथक वर्षानुवर्षं पहिलं यायचं. तपासणीला आलेले साहेब ओळीतून फिरत त्यांच्यासमोर थांबले. वयानं याह्यांच्या मुलासारखे. “सर, तुमचा स्कार्फ?” याही ताठ उभे. “नाही, साहेब.” “विसरलात?” “नाही, साहेब.” साहेबांनी कागदावर ‘मास्तरांचा गणवेश अपूर्ण’ असं लिहिलं. निळ्या रंगाची एक छटा चुकू न देणारा हा माणूस. त्याचं पथक गणवेशात शेवटून दुसरं आलं. मी मांडवात बसलो होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

निकाल लागल्यावर हर्षल पळत त्यांच्याकडे आला. डोळे लाल झालेले. “सर, मी म्हणून टाकतो. आत्ता म्हणतो. सगळं.”

“आता देव आहे असं वाटायला लागलं?”

“नाही. पण तुमच्यासाठी म्हणतो.”

याही गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. “अरे, देवासाठी जे म्हणता येत नाही, ते माझ्यासाठी म्हणतोस? मी काय त्याच्याहून मोठा?” मग त्याच्या शर्टाची वरची गुंडी सुटली होती ती लावली आणि म्हणाले, “जा, तंबू काढायला लाग. पाऊस येतोय.”

हर्षल दहावीपर्यंत पथकात राहिला. वचन त्यानं दिलं नाही. सगळ्या गाठी त्याला येत होत्या आणि नव्या मुलांना तोच शिकवायचा. तो शाळेतून गेला, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी याह्यांच्या गळ्यात स्कार्फ दिसला. दोन वर्षांनी तेही निवृत्त झाले. पथक आता नावापुरतं भरतं, असं ऐकतो. याह्यांचे गुडघे गेले आणि शनिवारची दुपार ते ओट्यावर खुर्ची टाकून काढतात.

गेल्या चैत्रात त्यांनी सप्तशृंगी गडावर जायचा हट्ट धरला. माझ्या जावयाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, सुट्टी नव्हती. त्यांना घेऊन गेला तो हर्षल. आता वीस-एकवीस वर्षांचा, पाइपच्या कारखान्यात कामाला. वर जायला ट्रॉली आहे, पण याही पायऱ्यांनीच चढणार म्हणाले. नंतर मी भेटायला गेलो, तेव्हा ते सगळं सांगत होते. गर्दी किती होती, ऊन कसं होतं, कुठं कुठं बसावं लागलं.

“आणि हर्षल?” मी विचारलं.

“माझ्या मागे एक पायरी सोडून चढत होता, शेवटपर्यंत. आत नाही आला. मीही ये म्हटलं नाही.”

“मग देवीजवळ काय मागितलं?”

समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी पापड वाळत घातले होते, याही तिकडे बघत राहिले.

“मागायचं बरंच ठरवून गेलो होतो, याही,” ते म्हणाले. “पण पोरगं बाहेर उन्हात उभं होतं ना. मी हात जोडले आणि लवकर बाहेर आलो.”