दुपारचा सूर्य उत्तरेला

मागच्या शनिवारी मंदार हरवला. मंदार म्हणजे माझा नवरा... आत्ता बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय पसरून क्रिकेट बघतोय, म्हणून तर हे लिहायला हात धजतोय.

यंदाच्या वाढदिवसाला त्याने स्वतःच स्वतःला एक मेटल डिटेक्टर घेऊन दिला. इथे परदेशात, वेरिबी गावातल्या आमच्या घरापासून दोन-अडीच तास गाडी चालवली की जुन्या सोन्याच्या खाणींचा मुलूख लागतो. लाल माती, पांढऱ्या गारगोट्या आणि जिकडे बघावं तिकडे एकसारखी झाडं... परमिट काढायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि ते यंत्र जमिनीवरून झुलवत चालत राहायचं. आठवडाभर लॅपटॉपपुढे वाकलेला माणूस शनिवारी मातीवर वाकतो आणि त्याला विश्रांती म्हणतो.

मी पहिल्यांदाच बरोबर गेले होते. थोडी पावलं त्याच्या शेजारून चालले, तर यंत्र ओरडायला लागलं. तो हरखून गुडघ्यांवर बसला, माती उकरली... काही नाही. दोनदा तसंच झाल्यावर उलगडा झाला. बुटांच्या आतून माझी जोडवी वाजत होती!

काढून ठेव ना, म्हणाला. लग्नापासून कधी काढली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मन होईना.

"मग तू गाडीपाशीच थांब बाई," तो हसत म्हणाला. "तुझी जोडवी मला भलत्याच आशेला लावतायत."

फोनमुळेही यंत्रात खरखर येते, म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि उत्तरेकडे झाडीत शिरला. साडेबारापर्यंत जेवायला येणार होता. डब्यात थालीपीठं होती, लसणाची चटणी होती. मी गाडीच्या सावलीत पुस्तक उघडून बसले.

एक वाजून गेला, तेव्हा मी चिडलेले होते. दोन वाजायला आले तेव्हा चिडणं कुठल्या कुठे गेलं. मंदारला शुगर आहे. गोळी घेऊन वर जेवण चुकलं की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, नीट बोलताही येत नाही... आणि त्याच्याजवळ पाण्याच्या एका बाटलीशिवाय काही नव्हतं.

हॉर्न वाजवला, हाका मारल्या. फोनला रेंज नाही. थोड्या अंतरावर ग्लेन नावाचे एक म्हातारे गृहस्थ त्यांचा ट्रक लावून तंबूत राहत होते. सकाळी आमच्याशी दोन शब्द बोलले होते. मी धावत त्यांच्याकडे गेले. "ही'ल बी राइट, लव्ह," ते म्हणाले, म्हणजे काही होणार नाही त्याला, पण लगेच किल्ल्या घेतल्या.

त्यांचं म्हणणं, तो इथेच जवळपास भरकटला असणार. सकाळी उत्तरेला गेलाय, म्हणजे परतताना दक्षिणेकडेच येईल. मधल्या झाडीत शोधू, नाही सापडला तर वर टेकडीवर जाऊन पोलिसांना फोन करू.

मीही मान डोलावली. पण मन म्हणत होतं, मंदार असा भरकटणारा माणूस नाही. कॉलेजपासून सह्याद्री पालथा घातलाय त्याने. थंडीतल्या ट्रेकला दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेवढ्यावर तो वाट काढायचा...

आणि तिथेच मला आमची तुळस आठवली.

या घरात राहायला आलो तेव्हा कुंडी मंदारनेच हौसेने ठेवली होती, मागच्या अंगणात, घराच्या दक्षिणेला. हिवाळ्यात ऊन इकडूनच येणार, म्हणाला. बिचारी महिनाभर भिंतीच्या सावलीत कुढत राहिली. दक्षिण गोलार्धातल्या या देशात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे आम्हाला शाळेपासून माहीत होतं... डोक्याला. पायांना आणि हातांना ते अजून कळायचं होतं.

मी ग्लेनना म्हटलं, तो परत येतच नाहीये. सूर्य समोर धरून दक्षिणेला निघालोय असं समजून तो सरळ उत्तरेला चाललाय. लांब, अजून लांब.

त्यांनी ट्रक वळवला. झाडीला वळसा घालून एक कच्चा रस्ता उत्तरेच्या कुंपणापर्यंत जातो. त्या खडखडाटात मी किती वेळा देवाचं नाव घेतलं, मला आठवत नाही.

मंदार कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता. यंत्र मांडीवर आडवं, ओठ पांढरे, हात थरथरत होते. मी पर्समधला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, वर आणखी एक.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी बरोबरच चाललो होतो गं... सूर्य समोरच होता."

"आपली तुळस आठव," मी म्हटलं.

 त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि मला तिथेच, ग्लेनसमोर, रडू फुटलं. ग्लेन शहाणपणाने कुंपणाची तार बघायला लांब गेले. नंतर आमच्या गाडीपाशी परत येऊन आम्ही तिघांनी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून थालीपीठं खाल्ली. ग्लेनना चटणी झोंबली, तरी त्यांनी आणखी मागितली.

सोनं? बंदुकीच्या, शिशाच्या दोन जुन्या गोळ्या आणि एक गंजलेला नाल. मंदारने ते धुऊन खिडकीत मांडून ठेवलंय.

काल आंघोळीच्या वेळी साबण लावून जोडवी काढून बघितली. निघाली, थोडा वेळ लागला... बोटांवर पांढुरके वळ आहेत. आईला कळलं तर ती मला फोनवरूनच फैलावर घेईल, तेव्हा तिच्यापर्यंत पोचवू नका. आता तो जाईल तेव्हा मी त्याच्या बरोबरीने चालणार आहे. जोडवी तेवढा वेळ तुळशीपाशी राहतील... उत्तरेच्या उन्हात.