फाट्यावर उभा असलेला भाऊ

समस्त भाविकांना, आप्तेष्टांना आणि विशेषतः माझ्या लेकीला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जळगाव जामोदची एक पन्नाशीची बाई सुट्टी घालवायला एकटी बेटावर गेली होती आणि शाबूत परत आली. बेट म्हणजे ओंकारेश्वर. भोवती नर्मदा, मध्ये महादेव. नारळाची झाडं आणि रंगीत छत्र्या ज्यांना हव्यात त्यांनी दुसरं बेट पाहावं.

खरं सांगायचं तर मी थकले होते. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मीच केलं, आणि त्या गेल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. देवापुढे डोळे मिटायचे ते झोपेनेच. देव आहे की नाही, याचा विचार करण्याचंही त्राण उरलं नव्हतं. जिथे कोणी हाक मारणार नाही अशा जागी थोडे दिवस पडून राहावं, एवढीच इच्छा होती. निघताना लेकीने फर्मान काढलं, "गाडीत बसायच्या आधी भाडं ठरव. नंबरचा फोटो मले धाड. अन् एकटी हाय असं कोणाले सांगू नको."

मी सगळं पाळलं. बेटावर नावाड्याशी, रिक्षावाल्याशी आधी बोलले, मगच पाय उचलला. परिक्रमेला निघाले आणि अर्ध्या वाटेत एका दगडावर बसून राहिले. दर्शन झालं, पण आत काही हललं नाही. महादेवाला म्हटलं, तू तुझ्या जागी बरा, मी माझ्या.

परतताना बऱ्हाणपूरहून काळीपिवळी जीप धरली. भाडं ठरवलं, फोटो पाठवला, खिडकीला डोकं टेकलं आणि एवढी हुशार बाई गाढ झोपली. जाग आली तेव्हा गाडी घाट उतरली होती, ऊन कललं होतं आणि बाकीच्या सवाऱ्या आपापल्या गावाला उतरून गेल्या होत्या. गाडीत मी आणि ड्रायव्हर.

"मावशी, गाडी रिकामी झाली," तो म्हणाला. "आता स्पेशल भाडं लागते."

"बसतानी ठरलं होतं न, भाऊ."

"ते सवारीचं होतं. बरं, राहू द्या पैसे. जराशीक दोस्ताच्या वावरात थांबू, मंग जाऊ." आणि आरशातून माझ्याकडे पाहून हसला.

फोनला रेंज नव्हती. आवाज मी नाटकातल्या पाटलीणबाईचा काढला. "वावरात कायले? पुढच्या फाट्यावर माहा भाऊ उभा हाय. तठीच सोड."

मला भाऊ नाही. मी आईबापांची एकुलती.

"उभा हाय न? मंग त्याच्याकडूनच घेतो स्पेशल."

फाटा येईपर्यंत मी प्रार्थना केली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. शब्दच सुचेनात. इतकी वर्षं मी सगळ्यांना उचलत आले, आता मला उचलायचं तर तूच उचल, असं काहीतरी आतून सुटलं आणि मी मागे टेकून बसले.

फाट्यावर गाडी थांबली. टपरी बंद होती. कडुनिंबाखाली मोटरसायकल लावून एक माणूस हापशीवर बाटली भरत होता. बाकी चिटपाखरू नाही.

"कुठी हाय तुमचा भाऊ?" ड्रायव्हरने मोठ्याने विचारलं.

मी त्या माणसाकडे नुसतं पाहिलं. त्याने सावकाश बाटलीचं झाकण लावलं, गाडीजवळ आला आणि दार उघडून माझी पिशवी हातात घेतली.

"केवढा उशीर केला वं बाई. कवाचा उभा हाव." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "भाडं काय ठरलं होतं?"

ड्रायव्हरने ठरलेलंच सांगितलं, मी उतरून दिलं तेवढंच घेतलं आणि गाडी काढली.

मी हापशीच्या ओट्यावर बसले. "दादा, तुम्ही मले वळखता?"

"नाही."

"मंग?"

"तो भाऊ कुठी हाय म्हणून इचारत होता. मी चोहीकडं पाह्यलं. इथं तं मीच होतो."

नर्मदेकाठी जे पाणी डोळ्यांत आलं नाही, ते त्या हापशीवर आलं. घडलं त्याला काय नाव द्यावं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. भाडं आधी ठरवावंच, नंबरही पाठवावा. लेकीचं काही चुकलं नव्हतं. पण या सगळ्या शहाणपणाच्या पुढे एक जागा येते, तिथे आपलं काही चालत नाही. तिथे स्वतःला सोपवावं लागतं. सेवा मला येत होती. सोपवणं त्या संध्याकाळी आलं. तेव्हापासून देवापुढे बसते ती थकलेलीच बसते. त्याची लाज वाटत नाही.

फाट्यावर रेंज होती. लेकीला फोन केला. तिची स्कुटी येईपर्यंत तो माणूस हलला नाही. मध्येच त्याच्या घरून फोन आला. "जराशीक उशीर होईल," तो म्हणाला, "बहिणीजवळ थांबलो."

पलीकडून त्याची बायको इतक्या जोरात बोलली की ओट्यावर मलाही ऐकू आलं.

"अवो, तुम्हाले बहीण कवा झाली?"