औषधाचा केक

आमच्या घरात केक कमी फुगतो, किस्से जास्त! एक सांगायला घेतला की मागचा त्याला ढकलतोच. माझी नात मुक्ता. तिला गहू आणि दूध सोसत नाही. अंगावर गांध्या उठतात, दम लागतो. म्हणून सूनबाई वैशाली घरीच केक करते. कुकरची शिट्टी काढायची, तळाला मीठ घालायचं, आणि ज्वारीचं पीठ, केळी, गूळ, तेल. मी? चौथीतच मास्तरांनी मला हात जोडले होते. माझ्याकडे चाखायचं खातं!

*

पहिला केक दगड झाला. दुपारी आमचे दोस्त आबा चहाला आले. मी त्यांच्या बशीत तुकडा ठेवला आणि आमच्या अहिराणीत म्हणालो,

"फॉरेनचं बिस्कीट शे आबा, चावा."

आबांनी चावलं. थांबले. कवळी काढून उजेडात बघितली, परत बसवली.

"नाना, फॉरेनचे लोक जेवताना बोलत का नाहीत, ते आज समजलं!"

*

रावेरच्या व्याहीबुवांना कळलं की केकला केळी लागतात. झालं! ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर अख्खा घड धुळ्याला धाडला. तो सगळा एकदमच पिकला. घरभर असा वास, की भिंतीसुद्धा गोड लागतील.

वैशालीने केक चढवला आणि म्हणाली, "नाना, जरा लक्ष ठेवा."

मी खुर्ची टाकली. डोळा कधी लागला, कळलं नाही. केक फुगत गेला, फुगत गेला, झाकण उचलून खिडकीतून अलगद बाहेर पडला. तापी ओलांडली. केळीच्या बागांवरून तरंगत चालला, वर मुक्ता बसलेली, खाली पाय हलवत...

"नाना! केक कुठंय?"

कुकरात कोळसा.

"रावेरला गेला," मी म्हणालो. "व्याहीबुवांना फोन लाव, उतरवून घेतील!"

*

शेजारच्या अक्कांचा मुक्तावर भारी जीव. एकदा मदतीला आल्या. भांड्याला तेल लावलं आणि हाताच्या सवयीनं वरून गव्हाचं पीठ भुरभुरलं, केक चिकटू नये म्हणून! केक काय निघाला, ढगाचा तुकडाच. वैशालीला बुडाची पांढरी कड दिसली आणि तिने ताट झटकन मागे ओढलं.

"अक्का, हे काय लावलं?"

"चिमूटभर तर शे व..." म्हणता म्हणता अक्कांनी पदर डोळ्याला लावला.

केक आमच्या वाट्याला आला. मुक्ता समोर बसून बघत होती.

"नाना, गोड शे का?"

"छ्या! कडू. एकदम कडू."

"मग बोटं का चाटतोस?"

गल्लीला आयुष्यभर बनवलं, पण या पोरीपुढे आपली डाळ शिजत नाही!

*

दुसऱ्यांच्या वाढदिवसाला मुक्ता स्वतःचा डबा नेते. उघडून सगळ्यांपुढे धरते. पण आयांनी पोरांना बजावलेलं, "तो औषधाचा केक आहे, हात लावू नका." डबा भरलेलाच परत येतो.

म्हणून तिच्या वाढदिवसाला तिची एकच मागणी, "सगळ्यांनी माझाच केक खायचा."

वैशाली घाबरली. "नाना, पोरांसाठी बेकरीतून दुसरा आणते. हा कोणी खाल्ला नाही तर तिचं तोंड बघवणार नाही."

"आणलास तर मी जेवणार नाही!"

संध्याकाळी पोरं जमली. मुक्ताने केक कापला, तुकडा पुढे धरला. पोरं हात मागे बांधून उभी. तुकडा हवेतच.

मी ताट उचललं, छातीशी धरलं. "ए, लांब व्हा! हा फक्त मुक्ताचा आणि माझा. तुम्हाला झेपायचा नाही!" एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"नाना, कसा लागतो?"

"सांगणार नाही."

"एवढासा द्या ना!"

"पळ!"

मग काय, माझ्या लेंग्याला लोंबकळली सगळी! ताट खाली आलं. वैशाली ओरडतेय, "अरे, मुक्ताला एक तरी ठेवा!" ऐकतंय कोण! बठ्ठा, म्हणजे सगळाच्या सगळा, संपला.

मुक्ताने रिकामं ताट उचललं. कडेचा चुरा बोटानं पुसून चाटला, ताट डोक्यावर धरलं आणि गल्लीतून पळत सुटली,

"अक्का! बठ्ठा संपना! मना केक बठ्ठा संपना!"